आधी आपण बसायचं

मंडळी, पुढे या. पुढची रांग रिकामी आहे. शोकसभेत ती नेहमीच रिकामी राहते. दुःखाच्या इतक्या जवळ बसणं कुणालाच नको असतं. वृंदा असती तर तिने तुम्हाला दंडाला धरून पुढे आणलं असतं. आज ते काम कुणी करणार नाही. आपले आपण या.

तुम्ही लांबून आलात. म्युनिकहून आलात. येना विद्यापीठातली मुलं सकाळपासून गाड्या बदलत आली. वृंदाच्या इमारतीतल्या खालच्या मजल्यावरच्या आजी आल्या आहेत, त्यांना मराठी येत नाही. हॉलची देखभाल करणारे हाउसमाइस्टर दाराशी उभे आहेत. गणपतीत ते आपल्यावर ओरडतात. आज त्यांनी टोपी काढून हातात घेतली आहे. आणि वृंदाच्या आई, आपल्या काकू, मिरजेहून व्हिडिओ कॉलवर आहेत. त्यांच्या जावयाने, अविनाशने, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला आहे. काकू, ऐकू येत नसेल तर हात वर करा.

मी बसून बोलणार आहे. पाय बरे आहेत माझे. कारण वेगळं आहे, ते पुढे सांगेन. माझ्या हातात आहे तो फोन नव्हे, छोटा रेकॉर्डर आहे. वृंदाचा. तो चालू आहे. लाल दिवा दिसतोय ना? बंद करायचं बटण माझ्या अंगठ्याखाली आहे. मला नाही सोसलं तर मी ते दाबीन आणि खाली जाऊन बसेन. कुणी समजूत घालायला उठू नका.

मी शमा. वृंदा आणि मी पुण्यात एकाच दैनिकात होतो. टेबलाला टेबल लागून. लग्नं झाली. तिचा अविनाश इथल्या मोटारींच्या कारखान्यात आला, आणि वर्षभरात माझा नवराही तिथेच आला. रेगेन्सबर्गसारख्या शहराला एक मराठी पत्रकार पुरे होता. आम्ही दोघी होतो.

गेल्या आठवड्यात अविनाशचा फोन आला. मी पहिलं काय विचारलं असेल? कधी. मग विचारलं, कुठे. मग, कसं. तो ओळीने उत्तरं देत गेला. स्वयंपाकघरात पडली. मेंदूत रक्तस्राव झाला. दवाखान्यात नेलं, पण शुद्धीवर आली नाही. तो इंजिनिअर, मी बातमीदार. आमचं बोलणं अगदी व्यवस्थित झालं. फोन ठेवला आणि मग मला कळलं की वृंदा गेली.

आता एक गोष्ट आधीच सांगते. मला वृंदाचा हेवा वाटायचा.

वाटायचा नाही. वाटतो.

चुळबुळू नका. हे तिला ठाऊक होतं. अविनाशला ठाऊक आहे. दार उघडताना ती मला 'या, जळकुटे' म्हणायची. मी तिला 'चोरटे' म्हणायचे. ते का, तेही सांगेन. या नावांनी आम्ही इतकी वर्षं एकमेकींना हाका मारल्या. शोकसभेत असं बोलत नाहीत, असं मला काल कुणीतरी सुचवलं. मग काय बोलतात? ती सगळ्यांची लाडकी होती, असं बोलतात. होतीच ना. तेच तर म्हणतेय मी.

आणि आजचा माझा हेवा साधा नाही. परवा म्युनिकहून मला एक फोन आला. वृंदाची जागा घ्याल का, असं विचारणारा. मला उद्या सकाळी उत्तर द्यायचं आहे. ही जागा मी किती वर्षं मागत होते हे या खोलीत निम्म्या लोकांना माहीत आहे. मी काय उत्तर देणार ते मला इथे यायला निघाले तेव्हा माहीत नव्हतं. म्हणून थोडं मागून सुरुवात करते.

पुण्यात असताना एका पावसाळ्यात एका गावावर डोंगर खचून आला. गावाचं नाव घेत नाही. तिथली माणसं अजून तिथे राहतात, आणि त्यांचं गाव म्हणजे फक्त तो डोंगर नव्हे. हे वाक्य माझं नाही, वृंदाचं आहे. तिची वाक्यं लहान असायची आणि दुसऱ्याच्या कामाची असायची.

आम्हा दोघींना एकाच जीपमधून पाठवलं. मी चिखलातून फिरले. माणसं गाठली. शाळेच्या व्हरांड्यात एक बाई बसली होती. तिच्या घरातलं कुणी उरलं नव्हतं. मी तिला विचारलं, "तुम्हाला काय वाटतंय?" तिने सांगितलं. मी लिहून घेतलं. बातमी पहिल्या पानावर आली, माझ्या नावानिशी. चांगली बातमी होती. आजही वाचली तर चांगली वाटेल.

वृंदा त्या बाईशेजारी दुपारभर बसली आणि एकही ओळ न घेता परत आली. संपादक तिला म्हणाले, "काय, सहल झाली का?" मला म्हणाले, "छान कॉपी."

त्या दिवाळीत त्या बाईचा फोन आला. कचेरीत. मी उचलला. ती म्हणाली, "त्या गप बसलेल्या बाई आहेत का?"

मग दर दिवाळीला येऊ लागला. वृंदा जर्मनीत आली तरी यायचा. बातमी माझी होती. फोन तिला यायचा.

मी एकदा विचारलं, "अगं, बोलता तरी काय तुम्ही?"

"काही नाही. म्हैस घेतलीय तिने. म्हैस व्यायली."

"आणि माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दल काय बोलायचं? तू कुठे थांबली होतीस?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता. टोमणा असता तर मी परतवला असता.

आता कुंड्यांचं सांगते. त्या गावाहून परत आल्यावर मला घरात कुंड्या सहन होईनात. बाल्कनीत जास्वंद होती, तुळस होती, कढीपत्ता होता. मला त्यांतली माती बघवेना. एका रविवारी मी सगळ्या कुंड्या शेजारणीला देऊन टाकल्या. ती म्हणाली, "का गं?" मी म्हटलं, पाणी घालायला वेळ होत नाही. नवऱ्यालाही तेच सांगितलं. मला स्वतःलाही तेच सांगितलं.

पुढच्या आठवड्यात वृंदा घरी आली. बाल्कनीत गेली. फरशीवर कुंड्यांचे गोल डाग राहिले होते, ते पाहिले. आत आली आणि म्हणाली, "चहात आलं टाक." बाकी काही म्हणाली नाही. त्या दिवशी मला कळलं की हिला कळलंय. तेव्हा बरं वाटलं. हेवा नंतर वाटला. मी तिच्या घरातली एक तरी रिकामी जागा अशी ओळखली होती का?

मग आपण सगळे येतो तसं आम्ही इकडे आलो. आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी, घर, भाषेचे वर्ग. म्युनिकमध्ये एक संस्था आहे. अपघात, पूर, आग, खून यांची बातमी करणाऱ्या पत्रकारांना ती शिकवते. ज्याचं माणूस गेलंय त्याच्याशी कसं बोलायचं. कधी बोलायचं नाही. आणि बातमी देऊन घरी आल्यावर स्वतःचं काय करायचं. असं काही शिकवतात हे आम्हाला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. पुण्यात आम्हाला मथळा दोन ओळींत कसा बसवायचा ते शिकवलं होतं. ते आम्हाला उत्तम येत होतं.

ती संस्था मी शोधली. माझं जर्मन तिच्यापेक्षा बरं होतं. मी तिला म्हटलं, "दोघी अर्ज करू." ती म्हणाली, "मला नाही घेणार गं. माझ्याकडे दाखवायला बातम्या कुठे आहेत?" मी तिच्या मागे लागले. दोघींनी केला. तिला घेतलं.

मी तिला बानहोफवर, स्टेशनवर, सोडायला गेले होते. डबा पण दिला होता. पोळीभाजी. मनापासून दिला होता. आणि गाडी यायच्या आत मनापासून वाटलं की चुकावी हिची गाडी. दोन्ही खरं आहे. एकाच हाताने दोन्ही झालं.

ती शिकून आली, आणि दोन वर्षांत तिथेच शिकवू लागली. मराठी पत्रकारांची एक तुकडी सुरू करा म्हणून तिनेच त्यांच्या मागे लकडा लावला. तालुक्याच्या ठिकाणचे बातमीदार. जे अपघाताच्या जागी सगळ्यांत आधी पोचतात आणि ज्यांना कुणी कधी काही शिकवलेलं नसतं. काही आठवडे संगणकावर, आणि मग एक आठवडा म्युनिकमध्ये.

त्या संस्थेत सरावासाठी नट आणतात. नट दुःखी माणूस होतो, पत्रकार त्याला प्रश्न विचारतो. वृंदाने नट नको म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "नट छान रडतो. पण प्रश्न चुकला तर त्याला लागत नाही." मग दुःखी माणूस कोण होणार? तर शिकवणारा. त्याने वर्गापुढे खुर्ची घ्यायची, तीत बसायचं, आणि आपलं खरं दुःख सांगायचं. शिकणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे. ज्याला आपण विचारणार, त्या जागेवर आधी आपण बसायचं. हा तिचा नियम. आणि रेकॉर्डर प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात नाही, सांगणाऱ्याच्या हातात. बटण त्याचं. तो कधीही बंद करू शकतो, आणि का बंद केलंस हे त्याला कुणी विचारायचं नाही.

संस्थेतल्या बाई जरा घाबरल्या. त्यांना वाटलं हे फार होईल. वृंदा म्हणाली, "आल्झो, तर मग आधी मी बसून बघते." आणि ती बसली. दर तुकडीपुढे बसली.

तिने तिथे काय सांगितलं ते काकूंना माहीत आहे. काकू, सांगू ना? ... बरं.

वृंदाचा धाकटा भाऊ नदीत बुडाला. ती तेव्हा शाळेत होती. दुसऱ्या दिवशी घरी एक बातमीदार आला आणि एक फोटोग्राफर. त्यांनी काकूंच्या हातात मुलाचा फोटो दिला आणि म्हणाले, जरा खिडकीकडे सरका, उजेड येत नाही. मग म्हणाले, यात तो हसत नाहीये, दुसरा एखादा आहे का? काकू उठल्या आणि दुसरा शोधायला गेल्या. आणि वृंदाने त्या दोघांना चहा करून दिला. परकरातली पोर. घरात पाहुणे आले की चहा करायचा, एवढं तिला माहीत होतं.

ती म्हणायची, "मला त्यांच्या प्रश्नांचा राग येत नाही. माझ्या त्या चहाचा येतो."

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या मैत्रीला बरीच वर्षं झाली होती. आणि मी ते तिच्या तोंडून ऐकलं नाही. तिच्या एका विद्यार्थ्याने सांगितलं. परक्या पोरांना माहीत होतं आणि मला नव्हतं. तुम्हीच सांगा, हेवा वाटू नये?

मग दुसऱ्या शिकवणाऱ्याची जागा निघाली. मी अर्ज केला. मुलाखत झाली. माझं जर्मन छान झालं, माझ्या बातम्या छान होत्या. शेवटी संस्थेतल्या त्या बाईंनी विचारलं, "तुम्ही खुर्चीत बसलात तर काय सांगाल?"

मी विचार केला. माझे आईवडील सुखरूप होते. सासूसासरे सुखरूप होते. भाऊ, बहीण, नवरा, लेक. कुणी गेलं नव्हतं. आजीआजोबा माझ्या जन्माआधीच गेलेले. मी खरं तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही सुदैवी आहात." आणि कागद मिटला. नंतर कळवलं की या वेळी जमणार नाही.

परत येताना वृंदा गाडीत माझ्याबरोबर होती. शनिवार होता. गाडीचा डबा गच्च भरलेला. समोर एक जर्मन जोडपं सँडविच खात होतं. लांड्सहूट स्टेशनपर्यंत मी गप्प होते. तिला गप्प बसलेल्या माणसाजवळ बसायची सवय होती. शेवटी मीच फुटले.

"तुझं बरंय. तुझ्याकडे गेलेला भाऊ आहे. माझ्याकडे कोण आहे?"

हे मी बोलले. ज्यांचा श्वास अडकला त्यांनी सोडा. माझाही अडकला होता.

वृंदा हसायला लागली. इतकी हसली की समोरच्या बाईने सँडविच खाली ठेवलं. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. म्हणाली, "जळकुटे, आता माझ्या मेलेल्या भावावर पण जळतेस?"

"हो."

"घे मग. तू पण वापर. मी नाही तुझ्या कुंड्या वापरत?"

"कुठल्या कुंड्या?"

तेव्हा मला कळलं. तुकडीच्या पहिल्या दिवशी ती सगळ्यांना एक प्रश्न विचारायची. "तिथून घरी आल्यावर तुम्ही घरातलं काय टाकून दिलंत?" आणि कुणी बोलेना की माझ्या कुंड्यांची गोष्ट सांगायची. मग लोक बोलू लागत. एकाने गाडी विकली होती. एकीने लाल साडी बोहारणीला दिली होती. एकाने मासे खाणं सोडलं होतं. सगळ्यांनी घरी दुसरंच कारण सांगितलं होतं.

मी म्हटलं, "चोरटे. माझी गोष्ट आहे ती."

"अगं, नाव नाही घेत मी तुझं."

"घे की मग! नाव तरी घे!"

ती परत हसायला लागली. समोरच्या काकांनी आपल्या बायकोला विचारलं, यांना काय झालंय. ती म्हणाली, बहुतेक कुणाचं तरी लग्न ठरलंय.

उतरताना वृंदा गंभीर झाली. म्हणाली, "शमे, घाई कसली आहे तुला? बसशील की खुर्चीत. कुणी ना कुणी देईलच तुला सांगायला काहीतरी. थांब थोडी."

मी थांबले.

तूच दिलंस.

... एक मिनिट. दिवा चालू आहे. बंद करत नाही.

तर परवाचा फोन. त्याच बाईंचा. पुढच्या महिन्यात नवी मराठी तुकडी यायची आहे. त्यांचे व्हिसा लागलेत, तिकिटं निघालीत. शिकवायला कुणी नसेल तर तुकडी रद्द होईल, आणि एकदा रद्द झाली की परत उभी राहणार नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या अर्जात मागच्या वेळी एक गोष्ट कमी होती. मला हे असं बोलायला नको, पण ..." पुढचं बोलायची गरज नव्हती. आता ती कमी नाही.

मला ही जागा हवी होती. पण ती तिच्या डोळ्यांदेखत हवी होती. माझं नाव यादीत वर आणि तिचं खाली. तिने दार उघडून 'या, जळकुटे' म्हणावं आणि मी म्हणावं, आता कोण जळतंय ते बघ. मला तिला हरवून हवी होती. तिच्यामागून नको होती. रिकामी झालेली जागा मिळवण्यात कसली जीत?

म्हणून मी ठरवलं होतं, नाही म्हणायचं.

मग काल खेडहून महादेवचा फोन आला. तो तिच्या मागच्या तुकडीतला. घाटातले अपघात करतो. म्हणजे अपघातांच्या बातम्या करतो. मला ओळखत नाही. म्हणाला, "मॅडम, आमच्या बाई गेल्या म्हणे."

'आमच्या.' मी ते ऐकून घेतलं.

तो म्हणाला, "बाई सांगायच्या, थांबायचं कसं ते माझ्याकडून शिका. विचारायचं कसं ते शिकायचं असेल तर रेगेन्सबर्गला एक बाई आहे. कडक आहे. तिच्यासारखं एक वाक्य मला जन्मात लिहिता आलं नाही. त्या तुम्हीच ना?"

मी विचारलं, "असं ती कधी म्हणाली?"

"दर तुकडीला म्हणायच्या."

"माझं नाव घेऊन?"

"हो मग. शमा. आणि एक आणखी नाव सांगायच्या, पण ते मी तुम्हाला कसं म्हणू?"

म्हणजे नाव घेत होती. मला सांगितलं नाही. चोरटी ती चोरटीच.

मंडळी, मी उद्या हो म्हणणार आहे. इथे बसल्यावर ठरलं. माझ्या थोरपणाचं कौतुक करू नका. मी नाही म्हटलं आणि कधीतरी दुसरं कुणी त्या खुर्चीत बसलं, तर मला त्या माणसाचा हेवा वाटेल. तो मला चालणार नाही. त्या खुर्चीत बसणाऱ्या एकाच माणसाचा हेवा करायची मी सवय लावून घेतली होती. तेवढा पुरे.

आता मी बसून का बोलले ते तुम्हाला कळलं असेल. आधी आपण बसायचं. तिथल्या अनोळखी मुलांपुढे बसण्याआधी मला तिच्या माणसांपुढे बसायचं होतं.

पुढच्या महिन्यात कुणीतरी मला प्रश्न विचारेल. वृंदा त्यांना 'तुम्हाला काय वाटतंय' विचारू द्यायची नाही. तो प्रश्न मी त्या व्हरांड्यात विचारला होता. तो माझ्या तोंडात अजून आहे. गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात रडत होत्या. मी तोंड उघडलं आणि तोच आला, जर्मनमधून. आजी, तुम्हाला यातलं काही कळत नाहीये, तरी तुम्ही मान हलवताय. तेव्हाही तुम्ही उत्तर दिलं नाहीत. माझा हात धरलात आणि मला पायरीवर बसवलंत. हे तुम्हाला कुणी शिकवलं ते मी ओळखलं. आणि हो, तुमचाही मला हेवा वाटला. तिला जर्मन धड येत नव्हतं. तुम्हाला तिने एवढं कोणत्या भाषेत दिलं?

'काय वाटतंय'च्या जागी वृंदाने दुसरा प्रश्न ठेवला होता. "घरात तुम्ही त्यांना काय म्हणून हाक मारायचात?" एवढाच. ती म्हणायची, माणूस गेलं की त्याचं नाव कागदोपत्री होतं. हाक बंद होते. ती हाक एकदा मोठ्याने मारायला मिळाली तर माणूस बोलू लागतो. किंवा बोलत नाही. दोन्ही चालतं.

काकू तिला 'वृंदी' म्हणतात. अविनाश 'अगं' म्हणायचा. आपल्याकडचे नवरे काय, रेगेन्सबर्गला आले तरी 'अगं'च. लेक रेवा 'आई' म्हणते, आणि चिडली की जर्मनमधलं 'मामा'.

रेवा, तू इकडे ये. ये ना. घाबरू नको.

मघाशी बाहेर कोट काढताना रेवाने मला विचारलं, "मुस इश वास जागन?" मला काही बोलावं लागेल का? गेल्या आठवड्यापासून या पोरीला सगळे विचारतायत. शाळेत, शेजारी, फोनवर, आपण सगळे. कशी आहेस, झोप लागते का, बोल काहीतरी, मन मोकळं कर. ती सगळ्यांना 'गुट', बरी आहे, एवढंच म्हणते. मी तिला म्हटलं, "नाही. काही बोलावं लागणार नाही." पत्रकारांना शिकवणाऱ्या बाईच्या लेकीला एवढं तरी मिळायला हवं.

रेवा, हे धर. हे बटण.

मंडळी, आता आपण शांत बसणार आहोत. उभं राहायचं नाही. तिला बसलेली माणसं आवडायची. अशा वेळी कुणीतरी घड्याळाकडे बघतं, आणि दोन मिनिटं झाली की खाकरतं. आज कुणी घड्याळ बघणार नाही. शांतता रेवाच्या हातात आहे. तिने बटण दाबलं, लाल दिवा विझला, की संपली. लगेच दाबलं तरी चालेल. खूप वेळ नाही दाबलं तरी चालेल. हाउसमाइस्टरना मी सांगून ठेवलंय, आज हॉल उशिरा रिकामा होईल. ते 'गेनाऊ', अगदी बरोबर, म्हणाले. आणि तिने ते का दाबलं, कधी दाबलं, हे तिला कुणीही विचारायचं नाही. आज नाही आणि नंतरही नाही.

काकू, तुम्ही पण तिथे बसा. खिडकीकडे सरकू नका. आहात तिथेच बसा.

चोरटे, माझा नमस्कार घे.

चला. गप्प बसू या.